अर्ध्या प्रदक्षिणेची शहरे

या प्रवासाला मी निघालो तो एका स्टीलच्या वाटीमुळे.

माझी नात मृणाल बदलापूरला राहते, सकाळी एका शिकवणी वर्गात शिकवते आणि उरलेल्या वेळात भूगोलाच्या एम. ए.चा अभ्यास करते. शहरातील जमीन कोणत्या कामासाठी कुठे वापरली जाते आणि तशीच का वापरली जाते, याविषयी विद्वानांनी जे सिद्धांत मांडले आहेत ते उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकामागोमागच्या तीन शहरांना लावून पाहायचे, असा तिचा प्रकल्प होता. तिच्या सरांनी तो दोनदा परत केला होता. माघ महिन्यातील एका सकाळी माझी पूजा आटोपते न आटोपते तोच तिचा फोन आला. शनिवारी तोंडी परीक्षा. त्या दिवशी प्रकल्प मान्य झाला नाही तर वर्ष बुडणार. आणि वर्ष बुडाले तर पदवीचा नाद सोडून शिकवणीतच पूर्ण वेळ लागायचे, असे तिने वडिलांपाशी कबूल केले होते.

केलेस तरी काय, असे मी विचारले.

“वर्तुळं काढली, आजोबा. नकाशावर स्टेशनच्या जागी वाटी ठेवली, मग ताटली, मग ताट. सरांनी समासात लिहिलंय, हे शहर स्वयंपाकघरात काढलेलं आहे, पायांनी काढा.”

मी हसलो. नाशिकच्या एका शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर स्थापत्यावरचे जुने ग्रंथ वाचण्याचा छंद लावून घेतला. त्यांत नगर म्हणजे एक मंडल असते. मध्यभागी ब्रह्मस्थान, तेथे देवालय, आणि त्याभोवती ज्या त्या दिशेला जो तो व्यवसाय. नातीच्या वाटीत मला तेच मंडल दिसले. चुकले असेल ते केंद्र. केंद्र सापडले की सारे आपोआप जुळेल, अशी माझी खात्री होती. धोतरजोडी, पंचा, पळी-पंचपात्र आणि गुडघ्याला चोळायचे तेल पिशवीत भरले आणि मंगळवारी निघालो.

नाशिकरोडहून कल्याणपर्यंत सुमारे तीन तास लागतात. तेथून कर्जतकडे जाणारी गाडी दुपारी पकडावी. गर्दी उलट्या दिशेची असते आणि खिडकी मिळते. मला मिळाली. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके येत गेली, पण एक शहर कुठे संपले आणि दुसरे कुठे लागले हे केवळ फलाटावरची पाटी सांगत होती. बदलापूरला पश्चिमेस उतरून शेअर रिक्षाने बेलवलीला गेलो. रिक्षात तीन प्रवासी भरेपर्यंत चालक हलत नाही, हे ध्यानात ठेवून घड्याळाकडे पाहू नये.

संध्याकाळी मृणालने फरशीवर नकाशा पसरला आणि मला सिद्धांत समजावून दिले. ते इतके सोपे आहेत की वाचकांसाठी इथेच सांगून टाकतो. पहिला सिद्धांत म्हणतो, शहर ताटावर ताट ठेवल्यासारखे वाढते. मधोमध बाजार, त्याभोवती दाटीची जुनी वस्ती, मग कामगारांची घरे, मग सुखवस्तूंची, आणि अगदी कडेला रोज दूरवर कामाला जाणाऱ्यांची. दुसरा म्हणतो, छे, शहर भाकरीच्या चतकोरांसारखे वाढते. एखाद्या रस्त्याच्या बाजूने कारखाने सुरू झाले की ते त्याच बाजूने दूरपर्यंत पसरत जातात. तिसरा म्हणतो, शहर फणसासारखे असते. एक केंद्र नव्हे, अनेक गरे, आणि प्रत्येक गऱ्याची आठळी वेगळी. सरांना या तिन्हींपैकी पाठ केलेला एखादा नको होता. या तीन शहरांत प्रत्यक्ष काय घडते आहे ते एका वाक्यात हवे होते.

“एक वाक्य,” मृणाल म्हणाली, “आणि शनिवार.”

बुधवारी आम्ही उल्हासनगरला गेलो. कॅम्प नंबर तीनच्या बाजारात मी केंद्र शोधत होतो आणि केंद्र मला चुकवत होते. ज्याला त्याला विचारावे, शहराचा मध्य कुठे, तर तो आपल्याच दुकानाकडे बोट दाखवी. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे इथे आली ती लष्कराच्या रिकाम्या छावणीत. त्यामुळे वस्त्यांना अजून कॅम्प म्हणतात आणि जुने पत्ते अजून बॅरेकच्या आकड्याने सांगतात. नगर वसवायचे म्हणून कोणी इथे दोरी धरलीच नव्हती. माझ्या ग्रंथांत छावणीची रचना आहे. पण छावणीतून सैन्य निघून गेले आणि त्याच ठिकाणी संसार मांडले गेले तर काय करावे, हे लिहिलेले नाही.

एका जीन्सच्या कारखान्यात आम्ही शिरलो. कारखाना म्हणजे अरुंद जिना. तळाला दुकान, वर शिलाईच्या बारा-चौदा मशीन, त्याच्यावर मालकाचे बिऱ्हाड. जमिनीचा वापर इथे आडवा नसून उभा होता, हे मृणालने वहीत टिपले. मालक साठीचे सिंधी गृहस्थ होते. सगळे त्यांना दादा म्हणत. माझे धोतर पाहून त्यांनी गादीवरची जागा झटकून दिली आणि समोरच्या टपरीवरून दाल-पकवान मागवले. उपवास नसेल तर हे अवश्य खावे; कुरकुरीत पुरीवर हरभऱ्याची डाळ आणि वर चिंचेचे आंबटगोड पाणी, दोघांचे पोट शंभर रुपयांच्या आत भरते.

मी त्यांनाही केंद्राचा प्रश्न विचारला. दादांनी मशीनवरची एक अर्धी शिवलेली पँट उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

“बाबाजी, सेंटर कशाला शोधता? ही पँट बघा. कटिंग एका कॅम्पात, सिलाई इधर, बटण तिसरीकडे, धुलाई आणखी कुठे. एक पँट पूरा गाव घूमती है। सेंटर म्हणाल तर पँटच सेंटर.”

शिलाई करणारे कारागीर हसले. एकाने मान वर न करता सांगितले की शेठ या पँटीइतके जरी फिरले असते तर डॉक्टर लागला नसता. दादांनी त्याला सिंधीत काहीतरी सुनावले. त्याचा अर्थ मला कोणी सांगितला नाही.

परतताना मृणाल खुशीत होती. फणस, अस्सल फणस, असे ती म्हणत होती. मी मात्र खट्टू होतो. हे शहर अपघाताने झालेले, ते सोड, असे मी तिला बजावले; उद्या अंबरनाथ, तेथे साक्षात शिलाहारांच्या काळचे शिवालय आहे, तेथे मी तुला ब्रह्मस्थान दाखवतो.

गुरुवारी सकाळी लवकर पोहोचलो. हे देऊळ पाहायचे तर सकाळीच पाहावे. उन्हे तिरपी असताना बाहेरच्या भिंतीवरची शिल्पे जागी होतात, आणि नंतर दगड तापून अनवाणी चालवत नाही. महाशिवरात्र जवळ आल्याने जत्रेसाठी बांबू रचले जात होते. गाभारा जमिनीच्या खाली आहे. वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात आणि वर पाहिले तर उघडे आकाश दिसते. त्या पायऱ्यांवर माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही, हे मी देवाचे देणे समजतो. दर्शन घेऊन वर आल्यावर मी मोठ्या अधिकाराने मृणालला सांगितले, ठेव वाटी इथे.

तिने देवळाच्या ओट्यावर नकाशा उघडला, घरून आणलेल्या भांड्यांतली वाटी ठेवली, पेन्सिलीने वर्तुळ काढले आणि माझ्यासमोर धरले. वर्तुळाच्या एका बाजूला ओढा होता आणि बाजारपेठ त्यात नव्हतीच. बाजार दूर, स्टेशनपाशी. ताटली ठेवली तेव्हा तिच्यात अर्धा बाजार आला, अर्धा राहिला. कारखान्यांचे पट्टे तर ताटाच्या बाहेर निसटले. अंबरनाथ अंबरनाथाभोवती वाढले नव्हते. ते मला कबूल करावे लागले, आणि ज्या देवळात आयुष्यात एकदा तरी यावे असे वाटत होते तेथे उभे राहून कबूल करावे लागले, याचे मला वाईट वाटले.

मी प्रदक्षिणेला लागलो. मृणाल नकाशा काखेत मारून माझ्या मागे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, शंकराची प्रदक्षिणा पूर्ण घालायची नसते. अभिषेकाचे पाणी गाभाऱ्यातून जिथून बाहेर पडते ते सोमसूत्र. तिथवर जायचे, ते न ओलांडता माघारी फिरायचे आणि उलट बाजूने पुन्हा तिथवर यायचे. मी वळलो. मृणाल आपल्या विचारात सरळ पुढे निघाली, तोच फुलांची पाटी घेऊन बसलेल्या एका म्हातारीने तिला हटकले.

“ए पोरी, वलांडू नको. माघारी फिर. शंभूची अर्धीच असते.”

मृणाल एक पाय उचललेलाच ठेवून थांबली. मग मला विचारू लागली, सगळ्याच देवांची अशी असते का. मी सांगितले, नाही. शिवाची अर्धी, देवीची एक, विष्णूच्या चार, सूर्याच्या सात. ज्याचे जसे स्वरूप तशी त्याची प्रदक्षिणा. ती तिथेच खाली बसली. म्हातारीला वाटले पोरीला चक्कर आली, म्हणून तिने पाटीवर शिंपडायच्या तांब्यातले पाणी पुढे केले.

मृणाल नकाशावर बोट ठेवून बसली होती. तिचे बोट रुळांवर होते.

“आजोबा, मी बेलवलीत तीन वर्षं राहते. पूर्वेच्या भाजी बाजारात एकदासुद्धा गेले नाहीये. पुलापलीकडे आहे फक्त. आमच्या बिल्डिंगमधलं कुणीच जात नाही. माझी वर्तुळं रूळ ओलांडतात. माणसं ओलांडत नाहीत.”

माझ्या अंगावर काटा आला तो शिवमंदिरात नेहमी येतो तसा नव्हता. या शहरात सोमसूत्र एका बाजूला नसून आरपार होते, एवढाच भेद. स्टेशन हे पिंडीचे पीठ. लोहमार्ग हे सोमसूत्र. आणि शहर दोन्ही अंगांनी तिथवर येऊन माघारी वळलेले. एक पूर्ण मंडल नव्हे, पाठीला पाठ लावलेली दोन अर्धी मंडले. म्हातारीकडून बेलाचा पुडा घेतला आणि आणखी एकदा खाली उतरून तो पिंडीवर वाहून आलो. या वेळी गुडघ्यांनी तक्रार केली, पण तिकडे लक्ष कोण देतो.

सुचले म्हणजे सिद्ध झाले नव्हे. दुपारभर आम्ही अंबरनाथ स्टेशनच्या दोन्ही अंगांचे रिक्षातळ पालथे घातले. पश्चिमेच्या रांगेतील एका चालकाने, नाव संतोष, माझ्यासारख्या धोतरवाल्या म्हाताऱ्याची सोय व्हावी म्हणून पुढचे हँडल सोडून मागे वळून नीट उत्तर दिले.

“गुरुजी, पलीकडे शेअर नाय जात. पूल चढलो की स्पेशल, अख्ख्या रिक्षाचं भाडं. तिकडच्या स्टँडवर शीट भरायला उभा राहिलो तर तिकडचे आपल्याला जेवू घालतील, चप्पलनी.”

आणि तुम्ही स्वतः पूर्वेला कधी जाता, असे मृणालने विचारले. सासरवाडी तिकडे आहे, तो म्हणाला, दिवाळीला जातो. रांगेतील दुसऱ्या चालकाने दुरुस्ती केली, दिवाळीलाही बोलावले तरच.

शुक्रवारी बदलापूर पायांखाली घातले. पश्चिमेला स्टेशनपासून निघालो. आधी दाट दुकाने, मग जुन्या बैठ्या चाळी, मग चार-पाच मजल्यांच्या इमारती, मग बेलवलीपलीकडे नवे मनोरे, आणि मनोऱ्यांच्या कुंपणाला लागून भाताची कापलेली खाचरे. मग उलट फिरलो, पूल ओलांडून पूर्वेला गेलो, आणि तोच क्रम नव्याने मोजला. दुकाने, चाळी, इमारती, मनोरे. जणू आरशात पाहावे. दोन्हीकडे सोनार होते, दोन्हीकडे वाणी होते, वह्या-पुस्तकांची दुकाने दोन्हीकडे होती. एकाच गावात सारे काही दोनदा मांडलेले. भर उन्हात मृणाल माझ्यापुढे धावत होती आणि दुकाने मोजत होती, आणि मी रस्त्याच्या कडेला उसाचा रस पीत तिची वही धरून बसलो होतो. इतका आनंद मला कोणत्याही पारायणाच्या समाप्तीला झाल्याचे आठवत नाही.

एक गाठ तेवढी राहिली. पश्चिमेच्या टोकाला नदीकडे जुने बदलापूर गाव आहे, स्वतःच्या देवळांसह आणि आळ्यांसह. तेथे पारावर बसलेल्या एका आजोबांना मी विचारले की तुम्ही गावाच्या कडेला राहता तर बाजारहाटाची अडचण होत नाही का. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “कडेला तुमचं स्टेशन. बदलापूर हेच.” मृणालने तेही लिहून घेतले, अर्ध्या ताटाच्या काठावर एक जुनी आठळी.

त्या संध्याकाळी आमचे भांडण झाले. तिचे लिखाण मी वाचत होतो. शेवटी तिने एक वाक्य घातले होते, की हा नियम उल्हासनगरला लागू पडत नाही. मी ते खोडायला सांगितले. परीक्षकाच्या हाती आपणच काठी का द्यावी. नियम सांगावा तर निःशंक सांगावा. अपवाद त्याला शोधू दे. वर्षभराची मेहनत एका प्रामाणिक वाक्यापायी बुडेल, असेही मी म्हणालो, आणि मला ते मनापासून वाटत होते.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भात कुकरमध्ये लावून आली आणि दारातच उभी राहिली.

“आजोबा, काल तुम्हीच सांगितलंत ना? देव बदलला की प्रदक्षिणा बदलते. मग तिन्ही शहरांना एकच का घालायची?”

मी पेन्सिल खाली ठेवली. वाक्य तसेच राहिले. पण मला त्या रात्री जपाला बसल्यावर मणी दोनदा चुकले.

शनिवारी महाविद्यालयात मला परीक्षेच्या खोलीत प्रवेश नव्हता. बाहेरच्या बाकावर बसलो. शिपायाने विचारले, गुरुजी, तुमचीही परीक्षा आहे का. हो म्हणालो. दार लावलेले होते, पण दारावरचा झरोका उघडा होता आणि मृणालचा आवाज शिकवणीत शिकवून खणखणीत झालेला आहे. तिने ताट, भाकरी आणि फणस सांगितले. मग अर्धी प्रदक्षिणा सांगितली, पूल न चढणारी शेअर रिक्षा सांगितली, दुकानांची मोजणी सांगितली. मग परीक्षकबाईंचा आवाज आला. त्यांनी नेमके तेच विचारले, उल्हासनगरचे काय.

मी डोळे मिटून घेतले.

“मॅडम, तिथे लागत नाही. मी लिहिलंय तसं. तिथे प्रत्येक कॅम्पाचा बाजार वेगळा आहे, आणि माल सगळीकडे जातो. एक जीन्सची पँट शिवायला कॅम्पाकॅम्पांतून फिरते. माणसं अर्धी प्रदक्षिणा घालतात आणि पँट पूर्ण घालते.”

आतून हसणे ऐकू आले. आधी बाईंचे, मग सरांचे. नंतर सर म्हणाले ते वाक्य मी माझ्या वहीत त्याच बाकावर बसून उतरवून घेतले. ते म्हणाले, जो नियम आपली हद्द सांगतो तोच मला हवा होता. हे आता पायांनी काढलेले शहर आहे. मृणाल बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नकाशा नव्हता. तो विभागाच्या भिंतीवर लावायला सरांनी ठेवून घेतला होता. तिने मला वाकून नमस्कार केला. मी तिला मध्येच धरले, कारण त्या दिवशी नमस्कार कोणी कोणाला करायचा याविषयी माझ्या मनात संदेह होता. मग आम्ही दोघांनी स्टेशनबाहेर उभ्याने वडापाव खाल्ला. तिने तेथूनच वडिलांना फोन लावून सांगितले की शिकवणी सकाळपुरतीच राहणार आहे.

कोणाला या बाजूला जायचे असेल तर तीन दिवस पुरतात. देवळाला एक सकाळ पूर्ण द्या, पाणी बरोबर ठेवा, उल्हासनगरचा बाजार कोणत्या वारी बंद असतो ते आधी विचारून घ्या, आणि बदलापूरला उतरल्यावर पूल चढून दोन्ही अंगांना चहा प्या. तेथे राहणारेही हे फारसे करीत नाहीत.

मी घरी येऊन आता पंधरा दिवस झाले. माझे जुने ग्रंथ फडताळात आहेत आणि त्यांच्याविषयी माझा आदर कमी झालेला नाही. फक्त पूर्वी मी त्यांत नगर कसे असावे हे वाचत होतो. तेथे माघारी कुठे फिरावे हेही सांगितले आहे का, ते आता शोधतो. पंचवटीत राहून गोदावरीच्या पलीकडच्या बाजूला मी वर्षभरात किती वेळा गेलो हे मोजले आणि लाजलो. तिकडे माझे एक शाळासोबती राहतात. परवा गेलो. त्यांनी दार उघडून विचारले, वाट चुकलास की काय.

येताना मृणालने माझ्या पिशवीत ती वाटी घातली. तिच्या कडेला पेन्सिलीचा काळा डाग अजून आहे. चिंचेने घासला तरी जात नाही आणि मी फार जोर लावत नाही. रोज देवापुढे तिच्यात साखर ठेवतो. नैवेद्याखाली पाण्याचे मंडल काढतात ते चौकोनी असते, हे मी लहानपणापासून करीत आलो आहे. गोल वाटीखाली ते चार सरळ रेषांनी काढताना हल्ली माझा हात प्रत्येक कोपऱ्यावर क्षणभर थांबतो, आणि वळतो.